जंगल जुनं की नवं, हे गोगलगायीला माहीत असतं

डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या जैवविविधता परिषदेत जवळजवळ सगळ्या जगानं मिळून ठरवलं की २०३० पर्यंत जमिनीचा आणि समुद्राचा ३० टक्के भाग राखायचा. चांगलंच झालं. पण तेव्हापासून जी चर्चा कानावर येते ती सगळी आकड्यांची, कुठल्या देशाचे किती टक्के झाले, किती राहिले, आणि हे ३० टक्के नेमके कुठले हा खरा प्रश्न मागेच पडतो. वर्षावनांच्या बाबतीत तर तो फारच महत्त्वाचा आहे, कारण तिथे शेजारीशेजारी दोन जंगलं असतात, दोन्ही हिरवीगार, दोन्ही दाट, वरून फोटो काढला तर काही फरक दिसणार नाही, पण त्यातलं एक लाखो वर्षं तिथेच तग धरून असतं आणि दुसरं पंधरा-वीस हजार वर्षांपूर्वी त्या जागी नव्हतंच. माझं म्हणणं असं की राखायच्या जागा निवडताना हा फरक आधी बघायला हवा, आणि तो बघायचा तर वाघ-हत्ती-पक्ष्यांच्या याद्या पुरत नाहीत, पालापाचोळ्यात राहणाऱ्या गोगलगायी, गोमा आणि न उडणारे भुंगे यांच्या डीएनएपर्यंत जावं लागतं.

वर्षावन म्हटलं की आपल्या डोक्यात अनादी काळापासून तसंच असलेलं काहीतरी येतं. तसं नसतं. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा विषुववृत्ताच्या आसपासही हवा थंड झाली, बऱ्याच ठिकाणी पाऊस घटला आणि वर्षावनं आकसली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचं वर्षावन हे याचं सगळ्यात नीट अभ्यासलेलं उदाहरण. जेमतेम नऊ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या अ‍ॅथर्टन पठारावर लिंचेस क्रेटर नावाचं जुन्या ज्वालामुखीचं विवर आहे, त्यात दलदल आहे, आणि त्या दलदलीच्या गाळात थरावर थर परागकण साठलेत. शास्त्रज्ञ पीटर केर्शॉ यांनी ते थर वाचले तेव्हा दिसलं की हिमयुगात तिथे वर्षावन उरलेलंच नव्हतं, निलगिरीसारख्या झाडांचं मोकळं, कोरडं जंगल होतं, आणि हिमयुग संपल्यावर वर्षावन परत आलं. पुढे १९९३ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. आज जिथे घनदाट वर्षावन उभं आहे तिथल्याच मातीत निलगिरीच्या लाकडाचा कोळसा सापडला. म्हणजे त्या जागी एकेकाळी निलगिरी होती आणि ती जळतही होती.

मग या सगळ्या काळात वर्षावन होतं कुठे? डोंगरांच्या काही ओल्या कुशीत, जिथे ढग अडतात, पाऊस टिकतो, अशा थोड्या जागांमध्ये. शास्त्रज्ञ त्यांना रेफ्यूजिया म्हणतात, आपण आश्रयस्थानं म्हणू. आजचं सगळं वर्षावन त्या मोजक्या जागांमधून पुन्हा पसरलेलं आहे. आता या जागा शोधायच्या कशा? परागकण साठवणारी दलदल किंवा तळं दर डोंगराला नसतं, आणि असलं तरी परागकण त्या तळ्याभोवतीच्या परिसराची गोष्ट सांगतात, शिवाय वर्षावनातल्या पुष्कळ झाडांचं परागीभवन कीटक करतात, त्यामुळे त्यांचे परागकण गाळात फार कमी उतरतात. पक्ष्यांचा उपयोग मर्यादित, कारण जंगल परत आलं की पक्षी उडत येतात, इकडचे तिकडचे मिसळतात आणि जुन्या खुणा पुसट होतात.

गोगलगायीचं तसं होत नाही. वर्षावनातल्या गोगलगायीला ओल लागते, सावली लागते, कुजणारा पाला लागतो, यातलं काही गेलं की ती सुकून मरते. दोन डोंगरांच्या मधे पाच-दहा किलोमीटरची कोरडी खिंड तयार झाली की तिच्यासाठी तो समुद्रच. म्हणून जंगल आकसलं की तीही आकसते, जंगलाचे तुकडे झाले की तिच्याही वस्तीचे तुकडे होतात, आणि हजारो पिढ्या एकमेकींपासून तुटलेल्या वस्त्यांच्या डीएनएमध्ये वेगवेगळे छोटे बदल साठत जातात. एखादी वस्ती मोठी असेल आणि लाखो वर्षं एका जागी टिकली असेल तर तिच्यात जुने, एकमेकांपासून लांब गेलेले कितीतरी प्रकार सापडतात. याउलट जिथे जंगल नव्यानं पसरलं आणि त्याच्यामागून चार-दोन गोगलगायी सरकत सरकत गेल्या, तिथे मैलोन्‌मैल तोच एखाददुसरा प्रकार मिळतो, जसं जुन्या गावात पन्नास आडनावं असतात आणि त्या गावातून उठून गेलेल्या दोन घरांनी वसवलेल्या वाडीत सगळे दोनच आडनावांचे. जास्त विविधता म्हणजे जुनी, टिकलेली जागा आणि लांबवर एकसारखेपणा म्हणजे नंतर भरलेली जागा, हे त्यातलं ढोबळ सूत्र. एकाच जातीवरून निष्कर्ष काढायचा नाही, चार-पाच वेगवेगळ्या जाती एकाच डोंगराकडे बोट दाखवायला लागल्या की मग त्यावर विश्वास ठेवायचा.

क्वीन्सलंडमध्ये हे प्रत्यक्ष करून बघितलं गेलंय. अँड्र्यू ह्यूगल, क्रेग मॉरिट्झ, अदनान मुसाली आणि जॉन स्टॅनिसिक यांनी २००२ मध्ये ग्नारोसोफिया बेलेंडेनकेरेन्सिस या गोगलगायीवर पेपर छापला. त्यात त्यांनी दोन वेगळ्या वाटांनी काम केलं. एकीकडे त्या गोगलगायीला कसलं हवामान लागतं ते काढून हिमयुगात आणि त्यानंतरच्या ओल्या काळात तसं हवामान कुठे कुठे असेल याचे नकाशे कॉम्प्युटरवर बनवले, दुसरीकडे आजच्या गोगलगायींचा डीएनए तपासला. दोन्ही चित्रं बऱ्यापैकी जुळली. हे मला फार मोठं वाटतं, कारण हवामानाच्या मॉडेलला गोगलगायीचा डीएनए माहीत नसतो आणि डीएनएला मॉडेल माहीत नसतं.

पण माझ्या मुद्द्यासाठी त्याच्या आदल्या वर्षीचा अभ्यास जास्त कामाचा आहे. २००१ मध्ये मॉरिट्झ आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षावनात एक साधा, व्यवहारी प्रश्न विचारला. एका गटाकडे बघून राखायच्या जागा निवडल्या तर दुसऱ्या गटाचं भलं होतं का? उत्तर असं आलं की गोगलगायी आणि कीटक यांच्यासाठी ज्या जागा महत्त्वाच्या निघाल्या त्यात पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या महत्त्वाच्या जागा चांगल्या प्रकारे येत होत्या, पण उलटं केलं तर तसं होत नव्हतं. म्हणजे पक्षी आणि सस्तन प्राणी बघून नकाशा काढला तर गोगलगायींच्या जागा निसटतात. आपण जगभर नेमकं काय करतोय? मोठा, देखणा प्राणी बघतो, त्याच्यासाठी क्षेत्र राखतो आणि त्याच्या छत्रीखाली बाकीचे आपोआप येतील असं धरून चालतो. निदान या एका ठिकाणी तरी मोजून कळलंय की छत्री दुसऱ्या बाजूनं धरायला हवी.

हे फक्त ऑस्ट्रेलियापुरतं आहे का? नाही. ब्राझीलच्या अटलांटिक वर्षावनात २००९ मध्ये बेडकांवर असंच काम झालं आणि तिथेही ज्या भागात जंगल टिकून राहिल्याचं मॉडेल सांगत होतं, बाहिया राज्याच्या परिसरात, तिथल्याच बेडकांच्या डीएनएत जास्त विविधता मिळाली. आणि आपल्या सह्याद्रीचं तर फारच जुनं प्रकरण आहे. जाह्नवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी पश्चिम घाटातल्या डिजिटाइप्स नावाच्या गोमांचा अभ्यास केला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हा उसळले तेव्हा घाटाच्या उत्तर भागातलं जगणं होरपळून निघालं असणार, मग जीव वाचले कुठे? या गोमांच्या वंशवृक्षावरून २०१३ मध्ये त्यांनी मांडलं की घाटाचा दक्षिण भाग हा तेव्हाचा आसरा होता आणि वंश पुढे दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकले. आजही घाटाच्या दक्षिणेला पाऊस वर्षातले कितीतरी जास्त महिने पसरलेला असतो, उत्तरेला मोठा कोरडा उन्हाळा. गोमेच्या जगात हा फरक साधासुधा नाही. आणि हे सगळं कळलं कशावरून, तर दगड उचलला की सुरकन पळणाऱ्या, दिसली की चप्पल उगारली जाते त्या प्राण्यावरून.

हे काम प्रत्यक्ष कसं होतं ते थोडं सांगते, कारण डीएनए म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी प्रचंड खर्चिक आणि आपल्या आवाक्याबाहेरचं. जंगलात एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखतात, त्यातला सगळा पाला मूठमूठ उचलून जाड चाळणीच्या पिशवीत घालतात आणि झटझट चाळतात. मोठी पानं, काड्या वर राहतात, खाली पडतो तो बारीक चुरा, माती आणि त्यातले जीव. हा चुरा जाळीच्या पिशव्यांमध्ये भरून कापडी पिशवीत टांगून ठेवतात, खाली अल्कोहोलचा पेला. दोनेक दिवसांत चुरा सुकायला लागतो, आतले जीव ओल शोधत धडपडत जाळीबाहेर येतात आणि खाली पेल्यात पडतात. एका मूठभर पाल्यातून माइट्स, स्प्रिंगटेल, छोटे भुंगे, कोळ्यांचे नातेवाईक असं काय काय निघतं. गोगलगायी मात्र अशा निघत नाहीत, त्या चुऱ्यातून हातानं वेचाव्या लागतात, दोन-तीन मिलिमीटरच्या गोगलगायी भिंग लावून बोटाच्या टोकानं बाजूला काढायच्या. मग पायाचा छोटासा तुकडा, त्यातून डीएनए, त्यातला एक ठरलेला तुकडा मशीनमध्ये वाढवायचा आणि वाचायचा. मोठ्या गोमेचा तर एक पाय घेतला तरी काम होतं. खर्चापेक्षा अवघड काय असेल तर त्या पेल्यात पडलेल्याला ओळखणारा माणूस मिळणं. वर्गीकरण शिकलेले लोक फार थोडे राहिलेत, आणि हे मला यातलं सगळ्यात काळजीचं वाटतं, कारण मशीन विकत घेता येतं, वीस वर्षं गोगलगायींचे शंख बघून तयार झालेली नजर विकत घेता येत नाही.

आता यावर घेतले जाणारे आक्षेप, आणि त्यातले काही खरोखर वजनदार आहेत.

पहिला आक्षेप घड्याळाचा. डीएनएतले बदल अमुक वेगानं साठतात असं धरून आपण वर्षं काढतो, पण हा वेग दर प्राण्यात वेगळा असतो, गोगलगायींच्या मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक भागांतला, आईकडूनच येणारा डीएनए तर फारच झपाट्यानं बदललेला सापडतो. कीटकांमध्ये वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो, तो आईकडून पिल्लांकडे जातो आणि पसरताना आपल्याबरोबर एकाच प्रकारचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए सगळीकडे पसरवू शकतो, मग आपल्याला वाटतं की वस्ती नवी आहे आणि प्रत्यक्षात ती जुनीच असते. हे सगळं खरं आहे. म्हणून आता एका तुकड्यावर न थांबता पेशीच्या केंद्रातले शेकडो-हजारो तुकडे वाचतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठली जागा राखायची हे ठरवायला मला तारीख लागतच नाही. ही खिंड दोन लाख वर्षांपूर्वी तयार झाली की वीस लाख, यावर वाद चालू दे. या डोंगरात बारा जुने वंश आहेत आणि पलीकडच्या डोंगरात एकच आहे, हे घड्याळ चुकलं तरी बदलत नाही.

दुसरा आक्षेप अ‍ॅमेझॉनवरून येतो. पक्षीतज्ज्ञ युर्गेन हाफर यांनी १९६९ मध्ये पक्ष्यांच्या पसरणीवरून मांडलं होतं की हिमयुगात अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनाचे तुकडे झाले आणि त्या तुकड्यांत नव्या जाती तयार झाल्या. कल्पना इतकी सुंदर होती की पुढे नकाशावर आश्रयस्थानांचे गोल काढले गेले, संरक्षणाच्या चर्चाही त्यावर झाल्या. आणि मग १९९० मध्ये नेल्सन आणि इतरांनी दाखवलं की वनस्पतींच्या बाबतीत हे गोल बऱ्याच प्रमाणात जिथे गोळा करणारे जास्त गेले तिथेच पडत होते. जिथे शोधलं तिथे सापडलं. परागकणांच्या अभ्यासांनीही अ‍ॅमेझॉनचे मोठे तुकडे झाल्याच्या कल्पनेला धक्का दिला. हा धडा विसरून चालणारच नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष हा की सोयीच्या रस्त्याकडेनं नमुने घेऊ नका, सगळ्या डोंगरांत सारख्या मेहनतीनं घ्या, आणि परागकण, कोळसा, हवामान मॉडेल अशा दुसऱ्या पुराव्याशी ताडून बघा. क्वीन्सलंडमध्ये नेमकं हेच झालं म्हणून ते निष्कर्ष टिकले. नुसत्या कल्पनेवर गोल काढणं चूक, पण म्हणून काहीच न बघता नकाशा काढणं बरोबर कसं होईल?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. जुनं संकट थंड आणि कोरड्या हवेचं होतं, येणारं संकट उष्णतेचं आहे, मग तेव्हा जिथे आसरा मिळाला तिथे आता मिळेलच कशावरून? मिळेलच असं नाही. उंच डोंगरमाथ्यावर राहणाऱ्या जिवांना तापमान वाढलं की वर सरकायला जागाच उरत नाही, आणि अशा माथ्यांवरचीच काही आश्रयस्थानं आहेत. तरी मी जुन्या जागांच्या बाजूनं उभी राहीन, दोन कारणांसाठी. एक तर या जागा टिकल्या त्या त्यांच्या भूगोलामुळे, उंचसखलपणा, ढग अडवणारे उतार, खोल ओढे, आणि असा भूगोल असला की सपाट जागेपेक्षा सरकायला जास्त पर्याय मिळतात. दुसरं म्हणजे पुढे काय तग धरेल हे आज कोणालाच सांगता येत नाही, आणि अशा वेळी ज्या जागेत जुने, वेगवेगळे वंश जास्त आहेत तिथे त्यातलं काहीतरी टिकण्याची शक्यता जास्त. जिथे सगळ्या एकाच आईच्या लेकी आहेत तिथे एक रोग, एक लांबलेला उन्हाळा पुरतो.

एक धोका मात्र मलाच या युक्तिवादात दिसतो. कोणीतरी उठून म्हणेल, अमुक जंगल तर फक्त आठ हजार वर्षांचं आहे, तोडा. असं म्हणायला मी कोणाला वाव देणार नाही. नवी जंगलं म्हणजे जुन्या जागांना जोडणारे पूल, त्यातूनच तुटलेले वंश परत भेटतात, क्वीन्सलंडमध्ये असे पट्टे सापडलेत जिथे उत्तरेचे आणि दक्षिणेचे वंश दीर्घ ताटातुटीनंतर एकमेकांत मिसळताहेत, आणि उत्क्रांती प्रत्यक्ष चालू असलेली बघायला यापेक्षा चांगली जागा कुठली. माझं म्हणणं क्रमाचं आहे. जुनी जागा आधी, आणि तिच्या बाबतीत तडजोड नाही.

तडजोड नाही असं का म्हणते, तर सध्या जगभर चाललेला व्यवहार बघून. इथलं जंगल तोडू, तिकडे तितकीच झाडं लावू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या व्याख्येत दहा टक्के भागावर झाडांचं छत्र असलेली, अर्ध्या हेक्टरपेक्षा मोठी जागा जंगल ठरते आणि त्यात रबराची लागवडही बसते. आपल्याकडेही एक हेक्टरवर दहा टक्के छत्र असलं की वन सर्वेक्षणाच्या हिशोबात ते वनाच्छादन. ग्रेट निकोबार बेटावर सुमारे १३० चौरस किलोमीटर वर्षावन प्रकल्पासाठी वळवायचं ठरलं तेव्हा त्याच्या बदल्यातली झाडं हरियाणात लावायची असं पुढे आलं. बेटावरच्या पाचोळ्यातल्या एकाही जिवाला हरियाणाचा काय उपयोग? झाडं लावता येतात, चांगली वाढवताही येतात, आणि ती लावलीच पाहिजेत. पण जुन्या जंगलाच्या पाचोळ्यातले वंश लावता येत नाहीत. शेजारी जुनं जंगल असेल तर काही पिढ्यांमध्ये काही जीव सरकत येतात, शेजारी नसेल तर येत नाहीत, इतकं ते सरळ आहे. आणि या वंशांचं नुकसान कुठल्याच अहवालात दिसत नाही, कारण बहुतेक वेळा जात यादीत असते. गोगलगायीची अमुक जात इतर तीन डोंगरांवरही आहे, त्यामुळे विशेष हानी नाही, असं लिहून मोकळं होता येतं, आणि त्या चौथ्या डोंगरावरचा वंश बाकी तिघांपासून दहा लाख वर्षं वेगळा होता हे कोणी तपासलेलंच नसतं.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. वर्षावनातली जमीन वळवायच्या आधी जे पर्यावरण अहवाल होतात त्यात सस्तन प्राणी, पक्षी आणि झाडं यांच्या याद्यांबरोबर पालापाचोळ्यातल्या निदान तीन-चार कमी हलणाऱ्या गटांचे नमुने घ्या, गोगलगायी, गोमा, न उडणारे भुंगे, त्या भागात जे असेल ते. फक्त प्रकल्पाच्या जागेवर नाही, आजूबाजूच्या डोंगरांवरही, कारण तुलना केल्याशिवाय विविधतेला अर्थ नाही. डीएनए वाचा, आकडे सगळ्यांना बघता येतील असे ठेवा, आणि नमुने संग्रहालयात जपून ठेवा म्हणजे पुढे चांगली पद्धत आली की तेच परत वाचता येतील. आणि मॉन्ट्रियलच्या करारात वन्य जातींमधली जनुकीय विविधता टिकवायचं वचन स्पष्ट शब्दांत दिलेलं आहे, त्यामुळे ही कोणाची हौस नाही, सरकारांनी मिळून कबूल केलेलं काम आहे. हा अभ्यास केल्यानं वेळ जाईल असं म्हटलं जाईल. ओल्या मोसमातले काही आठवडे नमुन्यांना आणि त्यानंतर काही महिने प्रयोगशाळेला लागतात, आणि अशा प्रकल्पांचे बाकीचे अहवाल, परवानग्या, सुनावण्या तशाही वर्षानुवर्षं चाललेल्या असतात, त्याच काळात हे काम सहज बसतं.